इतिवृत्तात नसलेलं पाणी

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा संपादक मंडळाने विषयही सोबतच दिला. "सर, 'घरच्या घरी पाणी वाचवा, पर्यावरण वाचवा' यावर लिहा. मुलांना उपयोगी पडेल." मी हो म्हणालो. घरी येऊन कागद पुढे घेतला आणि दात घासताना नळ बंद ठेवा, गाडी पाइपाने धुऊ नका, इथपर्यंत येऊन थांबलो. हे आपल्या मुलांना शाळेच्या भिंती वाचून पाठ आहे. त्यासाठी माझी गरज नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा तेच करावं म्हटलं आणि सचिवांकडून संस्थेच्या इतिवृत्ताच्या जुन्या वह्या मागून आणल्या.

तीन वह्या आहेत. पहिलीचं पुठ्ठं वाळवीने खाल्लेलं आहे, आतली पानं शाबूत आहेत. पंचवीस वर्षांच्या सगळ्या वार्षिक सभा मी चाळल्या. पाण्याचा विषय नाही अशी एकच सभा सापडली, आणि ती गणपूर्तीअभावी तहकूब झालेली आहे. रस्ता, दिवे, कंपाउंडची भिंत, गणपतीची वर्गणी हे विषय येतात आणि मिटतात. पाणी दरवर्षी येतं. मधल्या दुसऱ्या वहीत काही वर्षं अक्षर माझं आहे, कारण तेव्हा मी सचिव होतो. त्या अक्षरातला एक ठराव वाचून मी वही मिटली होती. त्याच्याकडे येतो, पण क्रमाने येतो.

आपलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, हे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. सांची आणि भरहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत हे गावाचं नाव कोरलेलं आहे. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं, त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्या घडणीची मूर्ती 1938 साली थेट इटलीत, पॉम्पेईच्या अवशेषांत सापडलेली होती. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे त्याच्या आधीच आपल्याकडची कारागिरी तिकडे पोचली होती. वर्गात हे सांगताना मी दरवेळी रोमपर्यंत जाऊन यायचो, पण गाव मुळात इथेच का वसलं ते सांगायचं राहून जायचं. ते केळनेमुळे वसलं. बाजारपेठ असो की लेणी, सगळं त्या काठाने आहे.

या नदीची दुसरी नोंद रक्ताची आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथून पूर्वेला काही मैलांवर असईची लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकला. मराठ्यांची फौज केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात होती. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्यावरून त्याने ताडलं की मध्ये उतार असणारच, आणि तिथूनच त्याने सैन्य पार नेलं. लढाईचं मला फारसं कौतुक नाही. मला तो तर्क आवडतो. समोरासमोरच्या दोन गावांतली माणसं एकमेकांकडे जातायेत असणार, हे त्या परक्या माणसाने नुसत्या घरांवरून ओळखलं. आज याच जुईवरच्या, दानापूरच्या धरणाचं पाणी आपल्या नळाला येतं.

ही झाली नदी. घरापुरतं पाणी साठवण्याचा इतिहास पाहायचा तर मात्र डोंगरात जावं लागतं. मुंबईजवळ कान्हेरीला एकदा सहल नेली होती. पोरं मूर्ती बघत होती आणि मी पायऱ्यांशेजारची टाकी बघत बसलो. तिथे लेण्यालेण्याला आपापलं टाकं आहे. वरच्या खडकात बोटभर-दोन बोटं रुंदीच्या चऱ्या खोदून पावसाचं पाणी त्यात उतरवलेलं आहे. त्या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटलंय, आणि लेणं दान दिलं तशी पोढीही दान दिल्याचे लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी छपरावरचं पाणी घरात उतरवणं ही दान देण्याजोगी गोष्ट होती. आपल्या संस्थेत ते करायला आपण तेरा वर्षं लावली.

आता माझ्या आठवणीतला भाग. माझं लहानपण इथून जवळच्या एका खेड्यात गेलं. घरात पाणी यायचं ते आजीच्या आणि आईच्या डोक्यावरून. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला पाण्याचं माप ठाऊक होतं, लिटर हा शब्द न ऐकताच. सकाळच्या तीन खेपा, संध्याकाळच्या दोन. एका खेपेला डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी. रांजण भरला की तो दिवस. पाहुणे आले की एक खेप वाढायची, आणि आईच्या चेहऱ्यावरून आम्हाला ते कळायचं. पाहुणे तिला आवडायचे, खेप आवडायची नाही.

त्या घरात पाणी एकदाच वापरून टाकलेलं मी पाहिलं नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी गुरांच्या घमेल्यात. भांडी राखेने घासायची, पहिल्या हाताचं पाणी एका टोपात धरून पुढच्या भांड्यांना. आंघोळ परसात दगडावर बसून, घंगाळात मोजून घेतलेल्या पाण्याने, आणि अंगावरून गेलेलं पाणी चारीने केळीच्या बुंध्याशी. कपडे नदीवर. सांडलेल्या पाण्यावरून आजी बोलायची नाही, नुसती बघायची. पाव्हण्याला तांब्या भरून द्यायचा, घरच्याला अर्धा. उरलेलं पाणी मोरीत ओतणारा कारटा पुढची खेप आणायला विहिरीवर जायचा. मी एकदा गेलोय. चऱ्हाटाने तळहात सोलले होते.

या आठवणी सांगताना लोक सहसा इथेच थांबतात आणि जुनं ते सोनं म्हणतात. मला थांबता येत नाही. गावच्या विहिरीवर सगळ्यांना शेंदता येत नव्हतं. वस्तीवरच्या बाया घागर खाली ठेवून लांब उभ्या राहायच्या, आणि वरच्या आळीतली कोणी बाई येऊन त्यांच्या घागरीत ओतेल तेव्हा त्यांना पाणी मिळायचं. आजी ओतायची. लवकर ओतायची, कोणाला ताटकळत ठेवायची नाही, आणि त्याचं तिला पुण्य वाटायचं. मलाही आजीचा अभिमान वाटायचा. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने घेतलं, त्याला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेलेली. तो धडा मी पुढे पस्तीस वर्षं शिकवला. विहिरीवर आजीचा पदर धरून उभा होतो तेव्हा त्यातलं काही मला दिसलं नव्हतं. त्या बायांच्या घरचं माप आमच्याहून कडक असणार, कारण त्यांची खेप त्यांच्या हातात नव्हती.

मग 72 चा दुष्काळ आला. मी तेव्हा शाळेत होतो. खडी फोडायला गेलेली माणसं, नालाबांधावर पाट्या वाहणाऱ्या बाया, सुकडी आणि लाल मिलोची भाकरी, हे तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलंय. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. आपल्याकडची म्हातारी माणसं त्या दुष्काळाबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात आणि ती खरी आहे: त्या साली खायला नव्हतं, पण पिण्यापुरतं पाणी कुठल्या ना कुठल्या आडाला मिळत होतं. विहिरींवर विजेच्या मोटारी अजून थोड्या होत्या. काढणारे हातच होते, आणि हात दमतात.

याच काळातली एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची आहे आणि आपल्याच जिल्ह्यात ती कुणी सांगत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीला जालन्यात काम करणाऱ्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने खडक फोडून बोअर घ्यायला सुरुवात केली. बोअरवर बसवायला तेव्हा बिडाचे हातपंप मिळायचे. मूळची त्यांची घडण एकेका कुटुंबाच्या वापरासाठीची. त्यावर सबंध गाव दिवसभर हापसायला लागलं की काही दिवसांत मोडायचे. मिशनच्या लोकांनी जालन्यातच पोलादी, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा, साखळीचा पंप केला. त्याला 'जालना पंप' असंच नाव पडलं. त्यावर सोलापूरला आणखी सुधारणा झाल्या, आणि त्या पंपावरून पुढे सरकारने आणि युनिसेफने सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क 2' तयार केला. गावोगावच्या चौकात उभा असलेला आपला हापसा तो हाच. आफ्रिकेतल्या देशांतही तो गेला. पॉम्पेईला गेलेल्या हस्तिदंती मूर्तीचा अभिमान आपण बाळगतो, तर याचाही थोडा बाळगायला हरकत नाही.

आमच्या गावात हापसा आला तेव्हा मी कॉलेजात होतो. चाळीस वेळा दांडा खालीवर केला की साधारण पंधरा लिटर पाणी येतं, एक कळशी. म्हणजे माप होतंच, फक्त डोक्यावरून दंडात आलं होतं. आणि आणखी एक गोष्ट झाली. हापशाचा दांडा कोण धरतो हे विहिरीइतकं बघितलं जाईना. लगेच नाही, भांडणं झाली, रांगा वेगळ्या लागल्या. पण आजीला ओतायचं काम उरलं नाही. ती म्हणायची, "आता कोण कोणाला पाणी घालतंय." तक्रारीच्या सुरात म्हणायची.

आता संस्था. पंचवीस वर्षांपूर्वी आपण अठ्ठावीस जणांनी मिळून ही जागा घेतली तेव्हा पहिल्या सभेत पहिला ठराव बोअरचा झाला. पाणी लागलं त्या दिवशी पेढे वाटल्याची नोंद इतिवृत्तात आहे, पेढ्यांच्या खर्चासकट. मग नळयोजनेचं कनेक्शन आलं, प्रत्येकाने हौद बांधला, गच्चीवर काळी टाकी चढली. मोटारीचं बटण दाबलं की पाणी वर, चावी फिरवली की खाली. माझ्या घरात त्या दिवसापासून कोणालाही पाणी किती वापरलं ते सांगता येत नाही. मलाही नाही. जुन्या घडणीच्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा लिटरहून जास्त पाणी जायचं. माझ्या आईच्या अर्ध्याअधिक हंड्याएवढं, एका बटणाला. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा पहिले काही महिने तिने ते बटण दाबलंच नाही. बादलीत पाणी घेऊन जायची. आम्हाला वाटायचं, हिला जमत नाही.

पुढचं समजून घ्यायला पायाखालचा दगड समजून घ्यावा लागतो. आपल्याखाली काळा पाषाण आहे, लाव्ह्याच्या थरांचा. वाळूत पाणी कणाकणांत मुरतं तसं या दगडात मुरत नाही. वरचा कुजलेला मुरूम आणि खालच्या दगडातल्या भेगा, एवढ्याच जागी ते थांबतं. आपल्याकडे पाऊस वर्षाला साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आणि लहरी. भेगा त्यातनंच भरायच्या. बोअर आणखी खोल नेला म्हणजे आणखी पाणी असतंच असं नाही. बऱ्याचदा दुसऱ्याच्या भेगेतलं पाणी आपल्याकडे आधी पोचतं, इतकंच. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपलीकडच्या विहिरीला 'खोल विहीर' म्हणून वेगळं काढलंय ते याच कारणाने. आपण दुसरा बोअर घेतला त्या उन्हाळ्यात मागच्या मळ्यातला शेतकरी गेटवर आला होता. भांडला नाही. "माझी विहीर बसली, मालक," एवढंच म्हणाला. विषय इतिवृत्तात आहे: 'शेजारील शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्यात आले.' ऐकून घेण्यापलीकडे आपण काही केलं नाही.

2012 चा पाऊस गेला. त्या हिवाळ्यापासूनच जालना जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायला लागलं. मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. दुकानात धान्य होतं आणि पाणी नव्हतं. 72 च्या बरोबर उलट. आपला पहिला बोअर दिवाळीआधीच कोरडा पडला होता, दुसरा मिनिटं मोजून चालायचा. नळाला पाणी येण्यातलं अंतर वाढत गेलं. मग टँकर आले. ग्रामीण भागात टँकरचं सरकारी माप माणशी रोजचं 20 लिटर. आजीच्या घरचं माप जवळपास तेवढंच होतं, हे मी तेव्हा हिशेब करून पाहिलं.

त्या वर्षीच्या वहीत, माझ्या अक्षरात, हा ठराव आहे: 'कोणत्याही सभासदाने नळाच्या लाईनला थेट मोटार लावून पाणी ओढू नये. तसे आढळल्यास कार्यकारिणी योग्य ती कारवाई करेल. ठराव सर्वानुमते मंजूर.'

हा ठराव मी लिहिला त्या दिवशी माझ्या नळाला मोटार होती.

छोटीशी, अर्ध्या हॉर्सपॉवरची. हौदाच्या झाकणाखाली बसवलेली, बाहेरून दिसायची नाही. पाणी सुटल्याबरोबर लावायची आणि हौद भरला की बंद. आपल्या लाईनमध्ये माझं घर मधोमध आहे. मोटार ओढायला लागली की माझ्यापुढच्या घरांचा दाब पडतो. पाइप तेवढाच, पाणी तेवढंच. मोटार असलेला मी एकटा नव्हतो. आणखी किती जण होते ते मी सांगणार नाही, ज्याचं त्याने बघावं. मला बायकोने विरोध केला होता, असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं होतं. घरात म्हातारी आई होती, नातू तान्हा होता. कारणं खरी होती. सगळ्यांचीच खरी असतात.

लाईनच्या शेवटी तेव्हा एक ताई राहायच्या. दवाखान्यात नोकरी, रात्रपाळ्या, घरात एकट्या. त्यांच्याकडे नळाला करंगळीएवढी धार यायची, कधी तीही नाही. त्या आमच्याकडे यायच्या, दोन कळश्या घेऊन. संकोचत म्हणायच्या, "वहिनी, आज पुन्हा नाही आलं हो." आमची मंडळी त्यांना कळश्या भरून द्यायची, वर चहा द्यायची. मी स्वतः एकदा कळशी उचलून त्यांच्या ओट्यापर्यंत नेऊन ठेवली. त्यांनी हात जोडले. मला बरं वाटलं.

2013 ची संक्रांत. आमच्याकडे हळदीकुंकू होतं. वाण म्हणून बायकोने त्या वर्षी प्लास्टिकचे मग दिले होते, पाण्याची बचत म्हणून. सगळ्या बायका पाण्याबद्दलच बोलत होत्या. त्यात त्या ताई म्हणाल्या, "काय नवल, परवा पाणी सुटलं तेव्हा नेमकी लाईट गेली होती ना? तर माझ्याकडे इतकं छान पाणी आलं! हौद अर्धा झाला. लाईट गेली की पाणी येतं बघा."

त्या हसत म्हणाल्या. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. रात्री बायकोने मला ते जसंच्या तसं सांगितलं आणि आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. चार महिने आम्ही त्यांना त्यांचंच पाणी ओतून देत होतो, आणि त्यांच्याकडून हात जोडून घेत होतो. मला आजीची घागर आठवली. आजीला निदान व्यवस्था तिने केलेली नव्हती. माझी मोटार मी दुकानातून घासाघीस करून आणलेली होती.

दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावून ती काढून घेतली. सभेत मात्र काही बोललो नाही. पुढच्या बैठकीत मी एवढंच सुचवलं की ठराव कागदावर ठेवून उपयोग नाही. पाणी सुटायच्या वेळी कार्यकारिणीतल्या दोघांनी लाईनच्या शेवटच्या घरी जाऊन धार बघावी. तिथे बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून वहीत लिहावं. शेवटच्या घराची बादली वेळेत भरली तर मधल्या कोणाची मोटार चालू नाही, हे न भांडता कळतं. ही युक्ती फार चांगली आहे असं तेव्हा सगळे म्हणाले. चोराला सुचलेली होती, म्हणून चांगली होती.

त्या नोंदींची पानं वहीत आहेत आणि माझ्या मते संस्थेच्या इतिहासात सगळ्यात वाचनीय तीच आहेत. तारीख, वेळ, मिनिटं. पहिल्या महिन्यात आकडे वाईट. मग एकेक करत सुधारतात. कुठेही कोणाचं नाव नाही. घराघरांत काय बोलणं झालं असेल ते ज्याचं त्याला माहीत.

छपराचं काम त्यानंतरचं. त्याच उन्हाळ्यात आपल्यातले काही जण कडवंचीला जाऊन आले. कडवंची आपल्याच जिल्ह्यातली, जालना तालुक्यातली. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे नव्वदच्या दशकात पाणलोटाचं काम झालेलं, आणि एवढ्या दुष्काळात तिथे द्राक्षबागा उभ्या होत्या. शेततळ्यांत प्लास्टिक अंथरून त्यात विहिरीचं पाणी उपसून भरण्याबद्दल माझ्या मनात शंका आहेत, पण बांधबंदिस्ती बघण्यासारखी आहे. पडलेलं पाणी तिथल्या तिथे थांबवायचं, एवढंच ते काम. शेतात ते करायला जमीन लागते. आपल्याकडे स्लॅब होता.

हिशेब सोपा आहे, नातवंडांकडून करून घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटरचा स्लॅब आणि साडेसहाशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे 65 हजार लिटर. वाया जाईल ते सोडून ऐंशी टक्के धरलं तर 52 हजार. आता जलजीवन मिशनने खेड्यांसाठी माणशी रोजचं माप 55 लिटर धरलंय. पाच माणसांच्या घराला त्या मापाने दिवसाला 275 लिटर लागतात. भागाकार केला तर 189 दिवस येतात. सहा महिन्यांचं पाणी आपण तोपर्यंत पन्हळीतून रस्त्यावर सोडत होतो, आणि रस्त्यावर चिखल होतो म्हणून सभेत तक्रार करत होतो. दोन्ही इतिवृत्तात आहे, एकाच पानावर.

आता सगळ्या गच्च्यांचं पाणी पाइपाने एकत्र येतं, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून दोन्ही बोअरच्या भोवती मुरतं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळी चावी आहे. ती फिरवायची आपण दर दुसऱ्या वर्षी विसरतो. कोरड्या बोअरला पहिल्याच वर्षी पाणी आलं असं नाही. 2015 चाही पाऊस कमी झाला, आणि पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते सगळ्या देशाने पाहिलं. त्या वर्षी आपल्याकडेही टँकर आला. पण 2013 पेक्षा उशिरा आला आणि कमी आला. मागच्या मळ्यातल्या शेतकऱ्याला विचारलं तर म्हणाला, "टिकती आता जरा." त्याच्यापुरती ही आपण केलेली भरपाई, जेवढी झाली तेवढी.

घराच्या आतलं मात्र मला म्हणावं तसं जमलेलं नाही, हे कबूल करतो. शुद्ध पाण्याचं मशीन घेतलंय. ते एक लिटर पाणी देताना त्याहून बरंच जास्त बाहेर टाकतं. ते टाकाऊ पाणी आम्ही बादलीत धरतो आणि फरशी पुसतो, पण पाहुणे आले की बादली न्हाणीत लपवली जाते. फ्लशची टाकी बदलून दोन बटणांची घेतली. मोरीचं पाणी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला सोडलंय. साबणाच्या पाण्याने जास्वंद काही मेली नाही. सूनबाईला भांडी टोपात पाणी धरून घासायला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एक दिवस घासून दाखवा." मी घासली. तिचं म्हणणं पटलं. पाणी वाचवायला सांगणारे आणि पाणी वापरून काम करणारे हात वेगळे असतात, हे आमच्या घरात आजीपासून चालत आलंय. तेव्हापासून रविवारची भांडी माझ्याकडे आहेत. टोपात धरून.

शेवटच्या घरातल्या त्या ताई बदली होऊन गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जाताना त्या घरी भेटायला आल्या होत्या. मोटारीचं सांगायचं मी ठरवलं होतं. चहा झाला, फोटो काढला, त्या गेल्या. ही स्मरणिका जुन्या सभासदांनाही पाठवणार आहेत असं कळलं, म्हणून इथे लिहितोय.

वही परत करायला गेलो तेव्हा सचिवांना म्हटलं, येत्या वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांत माझा एक विषय घ्या. 2013 च्या त्या ठरावाखाली एक ओळ वाढवायची आहे, लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरी मोटार होती म्हणून. ते म्हणाले, "सर, जाऊ द्या ना, इतक्या वर्षांनी कशाला? आणि जुन्या इतिवृत्तात बदल करता येत नाही, उपविधीत बसत नाही." मी म्हटलं, बदल नको, नवीन ठराव म्हणून घ्या. सूचक मी. अनुमोदक अजून मिळायचा आहे.